तंबूवरचे डाग

नऊ मिनिटं झाली तरी पक्षी परत आला नाही. दहाव्या मिनिटाला मी तंबूची चेन उघडून बाहेर आले, खुंट्या उपटल्या, तो सगळा नारिंगी पसारा काखेत कोंबला आणि माळावरून पळत सुटले. दोनशे पावलांवर एका बाभळीखाली माझी स्कूटर उभी होती. तिच्याआड बसून दुर्बीण लावली, तेव्हा कुठं धाविक आपल्या अंड्यांकडे निघाला. चार पावलं धावायचा, थांबून मान ताठ करायचा, पुन्हा चार पावलं. अखेर बसला. मी घड्याळ पाहिलं. तेरा मिनिटं वीस सेकंद.

दहा मिनिटांची हद्द मी स्वतःच घातली होती. लावीच्या रिकाम्या अंड्यात प्लास्टर भरून, आत तापमापकाची तार बसवून, मी ते त्याच माळावर उघड्यावर ठेवून पाहिलं होतं. एप्रिलच्या उन्हात सकाळी अकरा वाजता ते पंधरा मिनिटांत पंचेचाळीस अंशांवर गेलं. त्या तापमानाला आतला जीव शिजतो. म्हणजे मी हटून तंबूत बसले आणि पक्षी घाबरून लांब थांबला, तर ज्यांचा अभ्यास करायचा ती अंडी माझ्याच हातून मरणार होती.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. धाविक हा साळुंकीएवढा, लांब पायांचा, मातकट तांबूस पक्षी. तो घरटं बांधत नाही, उघड्या माळावर खड्यांच्या आणि लेंड्यांच्या मधे नुसती अंडी घालतो. भर उन्हात तो ती थंड कशी ठेवतो, एवढाच माझा प्रश्न होता. लांबून दुर्बिणीतून पाहून भागत नव्हतं, कारण अकरानंतर जमीन तापली की सगळा माळ पाण्यासारखा हलायचा आणि पक्ष्याचं नुसतं थरथरतं ठिगळ दिसायचं. पंचवीस मीटरवर लपून बसण्यावाचून इलाज नव्हता. त्या हंगामातली पहिली दोन घरटी गेली होती, एक शेळ्यांच्या खुरांखाली, दुसरं कशानं ते कळलं नाही. हे तिसरं आणि शेवटचं. माझ्या हिशेबानं नऊ दिवसांत पिल्लं बाहेर येणार होती. तोवर काही दिसलं नाही, तर माझ्या प्रबंधात तापमानाचे तक्ते तेवढे उरणार होते.

आणि लपायला माझ्याकडे होता तो कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाचा तंबू, बर्फात हरवलेला माणूस लांबून सापडावा म्हणून बनवलेला. मी त्यावर गोणपाट टाकून पाहिलं. ते वाऱ्यावर फडफडायला लागलं, आणि हलणारं गोणपाट पक्ष्याला न हलणाऱ्या नारिंगीहून वाईट वाटलं. मग मी चिखल फासायचं ठरवलं.

माझी खोली येवल्यात गोविंदसांच्या घरी होती. गोविंदसा पैठणीच्या रेशमाचे रंगारी. रेशीम बाहेरून रंगूनच यायला लागलं तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, त्यांची रंगखोली बंद होती. मुलगा सुरतेला. घरात ते आणि इंदूकाकू दोघंच. मी अंगणात तंबू पसरून चिखलाचा तिसरा थर देत होते, आणि गोविंदसा ओट्यावर बसून पाहत होते. आधीचे दोन थर वाळून पापुद्रे होऊन उडून गेले होते, तेही त्यांनी पाहिले होते.

"शास्त्रीणबाई," ते शेवटी म्हणाले, "भिंत सारवताय का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ते उठून आले. तंबूच्या शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी पेटवून त्याला लावली. रेशीम जळलं की केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, हे त्यांनी मला पूर्वी दाखवलं होतं. हा धागा वितळला, त्याची टणक गोळी झाली. त्यांनी ती बोटांत फिरवली आणि हे नायलॉन आहे असं सांगितलं. याला रेशमाचेच रंग चढतात, हे त्यांना फसून कळलं होतं. एकदा कुणीतरी रेशीम म्हणून नायलॉनचं सूत त्यांच्या गळ्यात मारलं होतं, आणि रंग इतका बरोबर बसला की धागा जाळून पाहीपर्यंत त्यांना पत्ता लागला नाही.

मी तिथंच धुळीत बोटानं दोन साखळ्या काढल्या. रेशीम आणि नायलॉन, दोन्हींत ठरावीक अंतरावर एकाच जातीचा सांधा येतो, आंबट पाण्यात रंग त्या सांध्याला धरतो, असं समजावून दिलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे चुलतभाऊ," ते म्हणाले, आणि रंगखोलीची किल्ली आणायला आत गेले.

त्यांनी मला माळ आणायला सांगितला. मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्यातून माती, सुकलेलं कुसळी गवत, खडे आणि शेळीच्या लेंड्या आणल्या. काकूंनी तो डबा माझ्यासमोर चार वेळा घासला आणि प्रत्येक वेळी त्यात मी उद्या काय खाणार आहे ते विचारलं. गोविंदसांनी मात्र ती माती ओली करून पाहिली, वाळवून पाहिली, उन्हात आणि सावलीत धरली. नारिंगीला मारायला निळा, ते म्हणाले. मग निळ्याला जरा दाबायला काळा, आणि सगळ्याला जमिनीवर आणायला पिवळ्याची चिमूट.

रंगखोलीत तांब्याची मोठी कढई चढली. काकू पाणी भरून घागर उंबऱ्यापाशी ठेवत होत्या. त्या आत येत नव्हत्या. मी घागर उचलून आत नेत होते. दुसऱ्या फेरीला मी विचारलं, तर काकूंनी हसत सांगितलं की त्यांचा हात गळका आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या पाणी घेऊन आत गेल्या होत्या, आणि त्या दिवशी जांभळ्या लड्यांवर डाग पडला. एका पैठणीचं उभं-आडवं सगळं रेशीम वाया गेलं. सासरे म्हणाले, हिचा हात गळका, ही रंगाजवळ नको. तेव्हापासून एकेचाळीस वर्षं उंबरा. सासरे जाऊनही वीस वर्षं झाली होती.

"आता सवय झाली," काकू म्हणाल्या. "इथून सगळं दिसतं, धूर तेवढा लागत नाही."

गोविंदसांनी ते ऐकलं असावं. ते कढईत तंबूचं कापड दोन काठ्यांनी फिरवत होते. उकळी फुटायच्या आतलं पाणी, त्यात आम्ल, आणि कापड एक क्षण थांबू द्यायचं नाही. जिथं थांबतं तिथं रंग जास्त पितं आणि डाग येतो. सव्वा तास ते फिरवत राहिले. सत्तरीला टेकलेला माणूस, सदरा पाठीला चिकटलेला. मी काठी मागितली तर दिली नाही.

कापड वाळलं तेव्हा मी खरंच थक्क झाले. माळाच्या मातीचा रंग, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. आतलं जलरोधक अस्तर उकळून सुटलं होतं, पण एप्रिलात त्याचं कुणाला काय! गोविंदसांनी ते दोरीवर पसरलं आणि सूर्याकडे धरून प्रत्येक हात तपासला.

"एक डाग दाखवा," ते मला म्हणाले. नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी तंबू लावला आणि आत बसले. चौथ्या मिनिटाला पक्षी आला. मी श्वास रोखला. अंड्यांपासून पंधरा पावलांवर येऊन थांबला. मान एका बाजूला केली, दुसऱ्या बाजूला केली, आणि मागे फिरला. सहाव्या मिनिटाला पुन्हा तसंच. दहाव्याला मी खुंट्या उपटल्या.

बाभळीखाली बसून मी सकाळी तंबू लावल्यावर बाहेरून काढलेले फोटो मोठे करून पाहिले. चूक लगेच दिसली, आणि ती रंगाची नव्हती. माळावर कुठलीच गोष्ट एका रंगाची नसते. दगडावर सुकलेल्या शेवाळाचे चट्टे, मातीत खडे, गवताची सावली, सगळं तुटक. त्यात तेवढा एकच आकार सलग, गुळगुळीत, कडेपर्यंत एकसारखा. तंबू मातीच्या रंगाचा झाला होता आणि तरीही तंबूच दिसत होता. शेजारीच अंड्यांचा फोटो होता. ती मला तिथं बसूनही पटकन सापडत नव्हती, कारण ती ठिपक्यांनी भरलेली होती.

म्हणजे तंबूला डाग हवे होते. आणि ते ज्यांना सांगायचं, ते गोविंदसा होते.

घरी गेल्यावर त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, किती मिनिटं. मी खरं सांगितलं, पण कारण सांगितलं नाही. त्यांनी मान हलवली आणि आत गेले. जेवायला बसले नाहीत. पाच दिवस उरले होते. मी दुकानातून बुटाच्या पॉलिशच्या दोन डब्या आणल्या, एक काळी, एक तपकिरी, आणि गच्चीवर तंबू पसरून पहिला ठिपका द्यायला बोट बुडवलं, तेवढ्यात काकू वाळवण काढायला वर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं, आणि डबी माझ्या हातातून काढून झाकण लावलं.

"चोरून नको," त्या म्हणाल्या. "विचार त्यांना. नाही म्हणाले तर मग फास."

मी तंबू खाली आणून अंगणातल्या दोरीवर टाकला आणि लॅपटॉप घेतला. गोविंदसांना काही सांगण्याऐवजी अंड्याचा फोटो पडदाभर मोठा करून त्यांच्यासमोर ठेवला. ते इतके जवळ वाकले की पडद्यावर त्यांचा श्वास उमटला. मग त्यांनी नखानं एक फिकट करडा ठिपका दाखवला.

"हे आधी पडलेत. मग वरून पांढऱ्याचा हात फिरलाय, म्हणून ते फिके. हे काळे सगळ्यात शेवटी."

अंड्याचं कवच पोटात थराथरानं बनतं, रंग वेगवेगळ्या थरांत पडतो, आणि आधी पडलेला पुढच्या थराखाली जाऊन करडा दिसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी ते नुसतं बघून वाचलं.

"तंबू असा हवा आहे, काका," मी म्हणाले.

ते उठले, दोरीवरच्या तंबूपाशी गेले. त्यावरून एकदा हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. पक्षी परत नाही आला तर काय होईल, ते त्यांना माहीत होतं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, हे धुतल्यावर उतरलं तर चालेल का, कारण असा वरून टाकलेला रंग पक्का बसत नाही. पाच दिवस टिकलं की झालं, मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच कच्चं काम करतोय, असं म्हणत ते चूल पेटवायला गेले.

सकाळी अंगणात तंबू अंथरला. गोविंदसांनी करड्या रंगाचं दाट, गरम, आंबट पाणी केलं आणि कुंचल्यानं पहिला ठिपका दिला. मग दुसरा. वीसेक ठिपके झाल्यावर ते थांबले. मीही पाहिलं. सगळे ठिपके एका मापाचे, एका अंतरावर, तिरप्या रांगांत. त्यांनी मुद्दाम वाकडे द्यायचा प्रयत्न केला, तर वाकडेपणाचीही नक्षी झाली.

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. "ही पैठणीची बुट्टी झाली," त्या म्हणाल्या. "पाखरू नेसणार आहे का ते?"

गोविंदसांनी कुंचला खाली ठेवला. हाताला रांगेची सवय आहे, जाणार नाही, असं काहीतरी पुटपुटले. मला करून पाहायला सांगितलं. माझे ठिपके तर वहीत मांडल्यासारखे आले. मग त्यांनी पातेलं उचललं आणि काकूंच्या दिशेनं धरलं.

"तू टाक."

"माझा हात गळका आहे ना?"

"तसाच पाहिजे," ते म्हणाले. "सकाळी सडा टाकतेस, तसं टाक. बघू नको कुठं पडतंय."

काकूंनी पदर खोचला. पातेलं डाव्या कमरेवर घेतलं, उजवा हात बुडवला आणि मनगटाला एक झटका दिला. थेंब पंख्यासारखे उडाले. काही मोठे, काही मोहरीएवढे, काही दोन मिळून एक झालेले. एक पाऊल मागे, पुन्हा झटका. एकेचाळीस वर्षं रोज पहाटे अंगणात फिरलेला हात होता तो. पुढं मी फोटोवर चौकटी आखून ते ठिपके मोजले. कुठलाही नियम नसलेली वाटणी गणितात जशी येते, तशी ती निघाली. ठरवून तसं करायला बसलं की माणसाला ते जमत नाही.

करडा थर वाळायला तासभर लागणार होता. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. काकूंचा हात मनगटापर्यंत करडा झाला होता आणि त्या तो पुनःपुन्हा उलटासुलटा करून पाहत होत्या. गोविंदसा माझ्याकडे तोंड करून बोलायला लागले, पण बोलणं माझ्यासाठी नसावं.

"त्या जांभळ्या लड्यांवरचा डाग पाण्याचा नव्हता. मी लड्या फिरवायचा थांबलो. नवं लग्न झालेलं, ही आत आली म्हणून बघत राहिलो. लड्या तळाला लागल्या. आमच्या वडिलांनी विचारलं कुणी केलं, तर ही घागर घेऊन शेजारीच उभी."

काकू हात उलटा करून पाहत होत्या, तशाच पाहत राहिल्या.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"पाणी वरून पडतं. तो डाग लडीच्या खालच्या अंगाला होता, आणि कडेनं काळपट होता. वाळत मीच घातल्या होत्या ना लड्या."

गोविंदसांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

अंगणात तंबू उन्हात वाळत होता. वाऱ्यानं त्याची एक कड उचलली. मी उठून त्यावर दगड ठेवला, फक्त तिथून उठायला कारण हवं होतं म्हणून. मागून काकूंचा आवाज आला, नेहमीसारखा.

"पुढं म्हटलं, जाऊ दे. रोजच्या चार घागरी आत नेऊन ओतायच्या वाचल्या."

गोविंदसा हसले नाहीत. ते उठून रंगखोलीत गेले आणि काळ्याचं पाणी तयार करायला लागले. थोड्या वेळानं आतून हाक आली की किती दाट हवं ते आत येऊन बघ. हाक मला होती असं समजून मी निघाले, तर काकू माझ्या पुढून उंबरा ओलांडून आत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या डागाळलेल्या तंबूत बसले. पक्षी तिसऱ्या मिनिटाला आला, पंधरा पावलांवर थांबला, मान वाकडी केली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. तो पुढं आला. दहा पावलं. पाच. अंड्यांपाशी येऊन त्यानं पाय मुडपले आणि बसला, आणि मग मी पाहिलं, सहा मिनिटं चाळीस सेकंद. अकरा वाजता ऊन चढल्यावर तो उठला आणि अंड्यांवर उभा राहिला, पंख जरासे सोडून, सूर्याकडे पाठ करून. त्याच्या सावलीत दोन्ही अंडी बरोबर मावत होती. बारा वाजता जोडीदार आला. पहिला बाजूला झाला, दुसरा उभा राहिला. मी चार दिवस हेच लिहून काढलं, मिनिटामिनिटानं. प्रबंध त्यावरच झाला.

पाचव्या दिवशी काकू माझ्याबरोबर आल्या. पिल्लं आदल्या संध्याकाळी बाहेर आली होती. आम्ही उजाडतानाच तंबूत शिरलो. दोन पिल्लं, कापसाच्या बोंडाएवढी, अंगावर तेच ठिपके घेऊन उभी राहत होती आणि पडत होती. काकूंनी दुर्बीण एकदाही खाली ठेवली नाही. आई कोणती आणि बाप कोणता, त्यांनी कुजबुजत विचारलं. ओळखू येत नाही, मी म्हणाले. साडेनवाच्या सुमाराला दोन्ही पक्षी पुढं-मागं होत पिल्लांना घेऊन निघाले आणि पलीकडच्या उतारावर दिसेनासे झाले. खळगी रिकामी झाली. तरी आम्ही बसून राहिलो. पाणी प्यायलो, शेंगदाण्याचा लाडू खाल्ला.

काकूंना न्यायला गोविंदसा अकराला शेजाऱ्यांची एम-एटी घेऊन यायचे होते. ते आले. बाभळीपाशी गाडी लावली, कपाळावर हात धरून माळाकडे पाहिलं. तंबूच्या जाळीतून आम्हाला ते स्पष्ट दिसत होते. त्यांची नजर आमच्यावरून गेली आणि पुढं सरकली. मग ते चालत आले, उजवीकडे गेले, थांबले, डावीकडे वळले. त्यांनी मला हाक मारली. वारा उलटा होता, मी ओ दिलेली त्यांना ऐकू गेली नाही. ते आमच्यापासून वीस पावलांवरून पाठमोरे निघून गेले आणि मोकळ्या माळात उभे राहिले. ऊन चढलं होतं. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती.

"इंदू!"

मी त्या घरात तीन महिने राहिले होते. काकूंना ते "अगं" म्हणायचे, "ऐकलंस का" म्हणायचे. हे नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मी चेनीला हात घातला. काकूंनी माझं मनगट धरलं. त्या जाळीला डोळा लावून बाहेर पाहत होत्या.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "अजून एकदा मारू दे हाक."